महिला आरोग्य व कौटुंबिक हिंसा सेवा : कर्मचाऱ्यांच्या नेतृत्व विकासाची वाटचाल

कौटुंबिक हिंसा सोसणारी महिला पोलीस ठाण्यात जाईलच असे नाही. वकिलाकडे तर ती क्वचितच जाते. मात्र ताप, अशक्तपणा, गरोदरपणाची तपासणी, बाळाची लस किंवा हाताला झालेली दुखापत यांपैकी कोणत्या ना कोणत्या कारणाने ती आरोग्य केंद्राची पायरी चढते. तेथे केसपेपर काढणारा कर्मचारी, मलमपट्टी करणारी परिचारिका, घरी भेट देणारी आशा कार्यकर्ती आणि तपासणारा डॉक्टर यांच्यापैकी एकाने जरी योग्य प्रश्न योग्य रीतीने विचारला, तरी तिच्यासाठी मदतीचे दार उघडू शकते. हा प्रश्न विचारण्याचे कौशल्य, तो विचारण्याचा अधिकार आणि उत्तर मिळाल्यानंतर पुढची पावले उचलण्याची क्षमता कर्मचाऱ्यांमध्ये निर्माण करणे, यालाच या क्षेत्रात नेतृत्व विकास असे म्हटले जाते. देशात या विषयाची वाटचाल कशी झाली, कायद्याने कोणाला कोणती जबाबदारी दिली आहे आणि प्रशिक्षणाचे स्वरूप कसे असते, याचा हा आढावा.

समस्येची व्याप्ती

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित अथवा पूर्वी विवाह झालेल्या महिलांपैकी २९.३ टक्के महिलांनी पतीकडून कधी ना कधी हिंसा अनुभवल्याचे सांगितले. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ३१.२ टक्के होते. गरोदरपणात शारीरिक हिंसा सहन करावी लागलेल्या महिलांचे प्रमाण पाचव्या फेरीत ३.१ टक्के आढळले. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा अनुभवलेल्या महिलांपैकी केवळ १४ टक्के महिलांनी कोणाकडे तरी मदत मागितली, तर तीन चतुर्थांशांहून अधिक महिलांनी मदतही मागितली नाही आणि घडलेली गोष्ट कोणाला सांगितलीही नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांची ४ लाख ४५ हजार २५६ प्रकरणे नोंदविण्यात आली. त्यांत पती किंवा त्याच्या नातेवाइकांकडून होणाऱ्या क्रूरतेच्या प्रकरणांचा वाटा ३१.४ टक्के, म्हणजे सर्वाधिक होता. तरीही सर्वेक्षणातील आकडे पाहता, पोलिसांपर्यंत पोहोचणारी प्रकरणे हा एकूण घटनांचा लहानसा भाग आहे, हे स्पष्ट होते.

याच सर्वेक्षणातील आणखी एक आकडा येथे महत्त्वाचा ठरतो. देशातील ८८.६ टक्के प्रसूती आता आरोग्य संस्थांमध्ये होतात. याचा अर्थ असा की, जी महिला आपले दुःख कोणालाही सांगत नाही, तीही आयुष्याच्या एका नाजूक टप्प्यावर आरोग्य यंत्रणेच्या संपर्कात येतेच. हिंसेचे आरोग्यावरील परिणामही गंभीर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या अहवालानुसार, जोडीदाराकडून हिंसा अनुभवलेल्या महिलांमध्ये नैराश्याची शक्यता इतर महिलांच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट असते आणि कमी वजनाचे बाळ जन्मण्याची शक्यता १६ टक्क्यांनी अधिक असते. त्यामुळे कौटुंबिक हिंसा हा केवळ कायदा व सुव्यवस्थेचा नव्हे, तर सार्वजनिक आरोग्याचाही प्रश्न मानला जातो.

नेतृत्व म्हणजे पद नव्हे

सर्वसाधारणपणे नेतृत्व हा शब्द पदाशी जोडला जातो. आरोग्य क्षेत्रात पदांची उतरंड ठळक असते आणि तिच्या वरच्या पायऱ्यांवर महिलांची संख्या कमी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, आरोग्य व सामाजिक सेवा क्षेत्रातील एकूण मनुष्यबळात महिलांचे प्रमाण ७० टक्के असले, तरी वरिष्ठ पदांवर त्या केवळ २५ टक्के आहेत. सेवा देणाऱ्या बहुसंख्य हातांकडे निर्णयाचे अधिकार नाहीत, असा याचा अर्थ होतो.

हिंसाग्रस्त महिलांसाठीच्या सेवांमध्ये ही स्थिती विशेष अडचणीची ठरते. समजा, एखादी महिला अपघात विभागात हाताला झालेल्या दुखापतीवर उपचारासाठी आली आणि ‘न्हाणीघरात पाय घसरला’ असे तिने सांगितले. दुखापतीचे स्वरूप या कारणाशी जुळत नाही, हे ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकेच्या लक्षात येते. परंतु महिलेशी एकांतात बोलण्यासाठी सोबत आलेल्या पतीला बाहेर थांबविण्याचा अधिकार आपल्याला आहे का, डॉक्टरांनी ‘हा त्यांच्या घरचा मामला आहे’ असे म्हटल्यास काय करावे, केसपेपरवर काय लिहावे आणि महिलेने सत्य सांगितल्यास तिला कोठे पाठवावे, या प्रश्नांची उत्तरे तिच्याजवळ नसतील, तर ती गप्प राहते. पट्टी बांधली जाते आणि महिला ज्या घरातून आली त्याच घरी परत जाते.

म्हणूनच या क्षेत्रातील नेतृत्व विकासाचा अर्थ व्यापक आहे. आपल्या अधिकारकक्षेत निर्णय घेणे, सहकाऱ्यांना सोबत घेणे, चुकीची पद्धत बदलण्यासाठी वरिष्ठांपुढे मुद्देसूद बाजू मांडणे, इतर विभागांशी समन्वय साधणे आणि आपल्यानंतरही काम चालू राहावे यासाठी नवे सहकारी घडविणे, या बाबींचा त्यात समावेश होतो. या अर्थाने रुग्णालयातील आयाबाई आणि वैद्यकीय अधीक्षक या दोघांकडूनही आपापल्या जागी नेतृत्वाची अपेक्षा असते.

गावपातळीवरील प्रयोग

सामान्य महिलांमधून आरोग्यविषयक नेतृत्व घडविण्याची परंपरा देशात जुनी आहे. तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. औपचारिक शिक्षण अल्प असलेल्या किंवा मुळीच नसलेल्या महिलांना तेथे ग्राम आरोग्य कार्यकर्त्या म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. प्रशिक्षण एकदाच देऊन न थांबता त्या नियमितपणे केंद्रावर एकत्र येत, अनुभवांची देवाणघेवाण करीत आणि नव्या गोष्टी शिकत. गावात मान मिळविलेल्या या महिला पुढे आरोग्याखेरीज इतर सामाजिक प्रश्नांवरही बोलू लागल्या. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले.

राजस्थान सरकारने १९८४ मध्ये सुरू केलेल्या महिला विकास कार्यक्रमात गावोगावी ‘साथिन’ नेमण्यात आल्या. त्यानंतर १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने महिला समाख्या कार्यक्रम हाती घेतला; कर्नाटक, गुजरात आणि उत्तर प्रदेशपासून त्याची सुरुवात झाली. गावातील महिलांचे संघ स्थापन करून त्यांच्यामार्फत शिक्षण, आरोग्य व हिंसा या प्रश्नांवर काम करणे, हे त्याचे सूत्र होते. यातूनच नारी अदालत ही संकल्पना आकाराला आली. प्रशिक्षित ग्रामीण महिला कौटुंबिक तक्रारी ऐकून घेत आणि सामाजिक दबाव व कायद्याची माहिती यांच्या आधारे तोडगा काढत.

या इतिहासाला एक वेदनादायी बाजूही आहे. बालविवाह रोखण्याचा प्रयत्न करणाऱ्या राजस्थानमधील एका साथिनीवर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. नेमून दिलेले काम केल्याबद्दल तिला ही शिक्षा भोगावी लागली होती. या घटनेनंतर महिला संघटनांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा खटल्यात कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि पुढे २०१३ मध्ये त्यासंबंधीचा कायदा अस्तित्वात आला. कार्यकर्तीला पुढे होण्यास सांगायचे असेल, तर तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी यंत्रणेने घेतली पाहिजे, हा धडा या प्रकरणाने दिला. नेतृत्व विकासाच्या कोणत्याही आराखड्यात त्याचे स्थान आजही पहिले असावयास हवे.

पोलीस आयुक्तालय आणि रुग्णालय

शहरी भागात मुंबईने या क्षेत्रात दोन महत्त्वाचे पायंडे पाडले. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांनी पोलीस यंत्रणेच्या आत बसून हिंसाग्रस्त महिलांना मदत करावी, ही त्यामागील कल्पना होती. हा उपक्रम पुढे महाराष्ट्राच्या विविध जिल्ह्यांत पोहोचला आणि इतर राज्यांनीही त्याचे अनुकरण केले.

दुसरा पायंडा ‘दिलासा’ या केंद्राचा होय. मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांच्या संयुक्त विद्यमाने वांद्रे येथील के. बी. भाभा रुग्णालयात २०००-०१ मध्ये हे केंद्र सुरू झाले. सार्वजनिक रुग्णालयाच्या आत, रुग्णालयाचाच एक विभाग म्हणून चालणारे देशातील हे पहिले समुपदेशन केंद्र मानले जाते. रुग्णालयात येणारी महिला कोणाच्याही मनात संशय निर्माण न करता समुपदेशकापर्यंत पोहोचू शकते, हा या रचनेचा मोठा लाभ आहे. उपचारासाठी आलेल्या महिलेला ‘कोठे गेली होतीस’ या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे जाते.

दिलासाच्या कार्यपद्धतीत नेतृत्व विकासाला प्रारंभापासून मध्यवर्ती स्थान होते. बाहेरच्या तज्ज्ञांनी येऊन व्याख्याने देण्याऐवजी रुग्णालयातीलच डॉक्टर, परिचारिका व इतर कर्मचारी यांच्यातून प्रशिक्षकांचा गट तयार करण्यात आला आणि त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना प्रशिक्षण दिले. परिचारिका परिचारिकेला सांगते तेव्हा कामाचा ताण, अपुरी जागा आणि वरिष्ठांचा धाक या अडचणी दोघींनाही ठाऊक असतात. त्यामुळे चर्चा व्यवहार्य उपायांकडे वळते. शिवाय प्रशिक्षकाचे काम करणाऱ्या परिचारिकेची रुग्णालयातील प्रतिमाही बदलते. सूचना घेणारी कर्मचारी ही तिची ओळख मागे पडते आणि विषयाची जाणकार म्हणून तिच्याकडे पाहिले जाऊ लागते. पुढे हे केंद्र महानगरपालिकेने स्वतः चालविण्यास घेतले आणि राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानांतर्गत मुंबईतील इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे सुरू झाली. केरळमध्ये २००९ मध्ये ‘भूमिका’ या नावाने रुग्णालयांत सुरू झालेली केंद्रे हे याच दिशेचे आणखी एक उदाहरण होय.

स्वयंसेवी क्षेत्रात पुणे जिल्ह्यातील पुरंदर परिसरात १९८७ पासून काम करणारी ‘मासूम’ आणि मुंबईत १९९९ मध्ये स्थापन झालेली ‘स्नेहा’ या संस्थांनी महिला आरोग्य व हिंसा हे दोन्ही प्रश्न एकत्र हाताळले. धारावीसारख्या वस्तीत ‘संगिनी’ म्हणून तयार झालेल्या स्थानिक महिला शेजारच्या घरातील हिंसेची दखल घेतात आणि संबंधित महिलेला सेवांशी जोडून देतात.

कायद्याने दिलेली जबाबदारी

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक तसेच आर्थिक अशा सर्व प्रकारच्या छळाचा त्याने हिंसेच्या व्याख्येत समावेश केला. संरक्षणाचा आदेश, घरात राहण्याचा हक्क, आर्थिक साहाय्य, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई असे दिवाणी स्वरूपाचे दिलासे दंडाधिकाऱ्यांकडून मिळविण्याची तरतूद त्यात आहे. अर्जाची पहिली सुनावणी सर्वसाधारणपणे ३ दिवसांच्या आत ठेवावी आणि पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो.

सेवा देणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने यातील काही तरतुदी विशेष महत्त्वाच्या आहेत. कलम ८ नुसार राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी नेमावयाचे असून शक्यतो या पदावर महिलांची नियुक्ती करावयाची आहे. कलम १० अन्वये नोंदणीकृत संस्थांना सेवा पुरवठादार म्हणून मान्यता मिळते. कलम ७ वैद्यकीय संस्थांशी संबंधित आहे. पीडित महिलेने, किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने वा सेवा पुरवठादाराने विनंती केल्यास वैद्यकीय साहाय्य देणे संस्थेच्या प्रमुखावर बंधनकारक आहे. नियमांनुसार, घटना अहवाल दाखल झालेला नाही या कारणावरून उपचार नाकारता येत नाहीत. असा अहवाल झालेला नसल्यास वैद्यकीय संस्थेच्या प्रमुखाने तो विहित नमुन्यात भरून स्थानिक संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवावयाचा असतो आणि वैद्यकीय अहवालाची प्रत महिलेला विनामूल्य द्यावयाची असते.

याशिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार लैंगिक अत्याचार व आम्लहल्ल्यातील पीडितांना सर्व शासकीय व खासगी रुग्णालयांनी तत्काळ व विनामूल्य उपचार देणे आवश्यक आहे. लैंगिक अत्याचारग्रस्तांच्या वैद्यकीय तपासणीसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. तपासणीतील तथाकथित ‘दोन बोटांची चाचणी’ अशास्त्रीय व अवमानकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केले, तसेच वैद्यकीय अभ्यासक्रमात सुधारणा करण्याचे निर्देश दिले. नियम कागदावर बदलले, तरी तपासणी कक्षातील सवय बदलण्यासाठी तेथील जबाबदार व्यक्तीने पुढाकार घ्यावा लागतो, हे या निर्णयावरून दिसून येते.

राष्ट्रीय स्तरावरील उपक्रम

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००५ पासून आशा कार्यकर्तींची निवड सुरू झाली. साधारणतः १ हजार लोकसंख्येमागे एक, या प्रमाणात त्या काम करतात आणि देशभरात त्यांची संख्या सुमारे १० लाख आहे. राष्ट्रीय आरोग्य प्रणाली संसाधन केंद्राने आशा कार्यकर्तींसाठी महिलांवरील हिंसेविषयी स्वतंत्र हस्तपुस्तिका तयार केली. हिंसेची लक्षणे ओळखणे, गोपनीयता राखणे, महिलेला सेवांची माहिती देणे आणि गावपातळीवर जनमत तयार करणे, ही कामे त्यात समजावून देण्यात आली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातील आशा कार्यकर्तींना ‘ग्लोबल हेल्थ लीडर्स’ पुरस्काराने सन्मानित केले. गावातील कार्यकर्तीलाही ‘नेता’ म्हणता येते, याची ती जागतिक पातळीवरील पावती होती.

महिला व बाल विकास मंत्रालयाने १ एप्रिल २०१५ पासून ‘वन स्टॉप सेंटर’ अर्थात सखी केंद्रांची योजना सुरू केली. देशातील पहिले केंद्र त्याच वर्षी छत्तीसगडमध्ये रायपूर येथे उघडण्यात आले. वैद्यकीय मदत, पोलीस साहाय्य, कायदेविषयक सल्ला, मानसिक-सामाजिक समुपदेशन आणि अल्पकालीन निवारा या सेवा एकाच ठिकाणी मिळाव्यात, हा तिचा उद्देश आहे. ही केंद्रे आणि १८१ ही महिला हेल्पलाइन पुढे मिशन शक्तीच्या ‘संबल’ या घटकाखाली आणण्यात आली. देशात ८०० हून अधिक सखी केंद्रे उघडण्यात आली आहेत.

या केंद्रांमधील कर्मचाऱ्यांची क्षमता वाढविण्यासाठी मंत्रालयाने बंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेच्या, म्हणजे निम्हान्सच्या सहकार्याने मार्च २०२२ मध्ये ‘स्त्री मनोरक्षा’ हा प्रकल्प सुरू केला. सुमारे ६ हजार कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवण्यात आले. पहारेकरी, स्वयंपाकी आणि मदतनीस यांच्यासाठीही वेगळे प्रशिक्षण, हे या प्रकल्पाचे वैशिष्ट्य आहे. मध्यरात्री केंद्राच्या दारात आलेल्या महिलेशी सर्वांत आधी पहारेकरीच बोलतो, हे लक्षात घेता हा विचार महत्त्वाचा ठरतो.

प्रशिक्षणाचा आशय

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आरोग्य सेवकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे, २०१७ मध्ये आरोग्य व्यवस्थापकांसाठी पुस्तिका आणि २०१९ मध्ये प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. प्राथमिक आधाराची पाच सूत्रे त्यात सांगितली आहेत : मन लावून ऐकणे, गरजांची विचारपूस करणे, महिलेवर विश्वास दर्शविणे, तिची सुरक्षितता वाढविणे आणि पुढील मदतीशी तिला जोडून देणे. प्रत्येक महिलेला सरसकट प्रश्न विचारण्याची शिफारस संघटना करीत नाही. लक्षणांवरून शंका आल्यास, एकांत उपलब्ध असल्यास आणि मदतीची व्यवस्था असल्यासच विचारणा करावी, असे तत्त्व त्यात मांडले आहे. काय करावे याचा निर्णय महिलेचाच असतो. कर्मचाऱ्याने तो तिच्यावर लादू नये, यावर भर देण्यात आला आहे.

नेतृत्व विकासाच्या प्रशिक्षणात या सूत्रांना आणखी काही बाबींची जोड दिली जाते.

पहिली बाब आत्मपरीक्षणाची. ‘नवऱ्याने एखाद्या वेळी हात उचलला तर काय बिघडले’, ‘संसार म्हटला की असे चालायचेच’ ही वाक्ये कर्मचारीही लहानपणापासून ऐकत आलेले असतात. आपल्या मनातील या धारणा ओळखल्याशिवाय दुसऱ्याचे ऐकून घेता येत नाही.

दुसरी बाब नोंदीची. केसपेपरवर ‘पडल्यामुळे दुखापत’ एवढेच लिहिणे आणि महिलेने सांगितलेले कारण तिच्या शब्दांत, दुखापतीचे स्थान व स्वरूप यांसह लिहिणे, या दोहोंत मोठा फरक आहे. अनेक वर्षांनी न्यायालयात उभ्या राहणाऱ्या महिलेच्या हाती तोच एक कागद पुरावा म्हणून असू शकतो.

तिसरी बाब समन्वयाची. संरक्षण अधिकारी, पोलीस ठाणे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, निवारागृह आणि सखी केंद्र यांच्या प्रतिनिधींची प्रत्यक्ष ओळख असणारी परिचारिका किंवा समुपदेशक महिलेला केवळ पत्ता देऊन पाठवीत नाही; ती स्वतः दूरध्वनी करून पुढची व्यवस्था झाल्याची खात्री करून घेते.

चौथी बाब स्वतःच्या काळजीची. रोज हिंसेच्या कहाण्या ऐकणाऱ्यांच्या मनावर त्याचा परिणाम होतो. झोप न लागणे, चिडचिड, कामाविषयी उदासीनता ही त्याची लक्षणे असू शकतात. अनुभवी पर्यवेक्षकांबरोबर ठरावीक काळाने प्रकरणांची चर्चा करणे हा त्यावरील एक मान्यताप्राप्त उपाय आहे. अनेक कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या घरातही हिंसा असू शकते, याची जाणीव प्रशिक्षकांनी ठेवणे आणि त्यांना गोपनीय मदत उपलब्ध करून देणे आवश्यक मानले जाते.

अभ्यास काय सांगतो

जागतिक आरोग्य संघटनेचा प्रशिक्षण अभ्यासक्रम महाराष्ट्रातील तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, तसेच मिरज व सांगली येथील शासकीय रुग्णालयांत ‘सेहत’च्या सहभागाने प्रत्यक्ष वापरून पाहण्यात आला. डॉक्टर, परिचारिका व समाजसेवक यांच्यातून प्रशिक्षक निवडून त्यांच्यामार्फत इतरांना प्रशिक्षण देण्यात आले. प्रशिक्षणानंतर सहभागी कर्मचाऱ्यांचे ज्ञान, दृष्टिकोन आणि कौशल्य यांत सुधारणा झाल्याचे या अभ्यासातून दिसून आले. केवळ प्रशिक्षण पुरेसे नसून त्याला लेखी कार्यपद्धती, नोंदवही, एकांताची जागा आणि वरिष्ठांचा पाठिंबा यांची जोड आवश्यक असल्याचेही या अनुभवातून अधोरेखित झाले. अधिसेविका किंवा वैद्यकीय अधीक्षक यांनी स्वतः विषय उचलून धरला, तर प्रशिक्षित कर्मचाऱ्याचे धैर्य टिकते. अन्यथा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र भिंतीवर आणि जुनी पद्धत कामात, अशी स्थिती होते.

अडचणी

या वाटचालीत अनेक अडथळे आहेत. अनेक राज्यांत संरक्षण अधिकाऱ्याचे काम दुसऱ्या पदावरील अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपविण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये या प्रश्नाची दखल घेऊन, जिल्हा व तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी निश्चित करण्याचे निर्देश राज्यांना दिले. समुपदेशकांची पदे बहुतांशी कंत्राटी असल्याने अनुभवी व्यक्ती काम सोडून जातात. रुग्णालयांत बदल्यांमुळे प्रशिक्षित परिचारिका दुसऱ्या विभागात जाते आणि तिचे कौशल्य तेथे वापरले जाईलच याची शाश्वती नसते. आशा कार्यकर्ती आजही स्वयंसेविका मानली जाते आणि तिला वेतनाऐवजी कामावर आधारित मोबदला मिळतो. अशा स्थितीत हिंसेविषयीचे काम हे तिच्यावर पडलेले आणखी एक ओझे ठरू नये, याची काळजी घ्यावी लागते.

त्याच गावात राहणाऱ्या आशा कार्यकर्तीची अडचण आणखी वेगळी आहे. ज्या घरातील हिंसेविषयी ती बोलते, ते घर तिच्या भावकीतील किंवा शेजारचे असू शकते. रोष ओढवला, तर रुग्णालयातील परिचारिकेप्रमाणे ती पाळी संपवून निघून जाऊ शकत नाही. म्हणूनच अशा प्रकरणांत तिने एकटीने मध्यस्थी न करता गटप्रवर्तक, आरोग्य सेविका आणि महिला मंडळ यांना सोबत घ्यावे, असा सल्ला दिला जातो.

पुढील दिशा

नेतृत्व विकासाचे यश किती प्रशिक्षणे झाली यावरून मोजले जाऊ नये, यावर या क्षेत्रातील जाणकारांचे सर्वसाधारण एकमत आहे. महिलेशी एकांतात बोलण्यासाठी रुग्णालयात जागा आहे का, कर्मचाऱ्यांनी समुपदेशकाकडे किती महिलांना पाठविले, पाठविलेल्यांपैकी किती जणी प्रत्यक्ष पोहोचल्या, प्रमुख कर्मचाऱ्याची बदली झाल्यानंतरही काम सुरू राहिले का आणि परिचारिका व आशा कार्यकर्ती यांच्या सूचनांमुळे एखादी कार्यपद्धती बदलली का, हे प्रश्न अधिक उपयुक्त ठरतात. परिचर्या व वैद्यकीय शिक्षणातच हा विषय पक्का झाल्यास सेवेत आल्यानंतर पहिल्यापासून शिकविण्याची गरज उरणार नाही.

हिंसाग्रस्त महिलांपैकी मोठ्या संख्येने महिला आजही कोणाकडे मदत मागत नाहीत. त्यांच्या मौनामागे भीती आहे, परावलंबन आहे आणि ‘सांगून काय उपयोग’ ही भावनाही आहे. यांपैकी शेवटची भावना दूर करणे सेवा देणाऱ्यांच्या हाती आहे. ज्या दिवशी महिलेला आपले म्हणणे ऐकून घेणारी आणि त्यावर काही करू शकणारी व्यक्ती भेटते, त्या दिवशी तिच्यासाठी यंत्रणेचा अर्थ बदलतो.

मदतीसाठी

संकटात असलेल्या महिला १८१ या महिला हेल्पलाइनवर अथवा ११२ या आपत्कालीन क्रमांकावर दूरध्वनी करू शकतात. मोफत कायदेविषयक साहाय्यासाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक उपलब्ध आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार उत्पन्नाची अट न लावता सर्व महिला मोफत विधी साहाय्यास पात्र आहेत. जवळचे सखी केंद्र, शासकीय रुग्णालय किंवा जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडेही महिलांना थेट संपर्क साधता येतो. आपल्या परिसरातील कौटुंबिक हिंसेची माहिती सद्भावनेने संरक्षण अधिकाऱ्याला देणाऱ्या व्यक्तीवर त्याबद्दल कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही नागरिकांनी लक्षात ठेवावे.